‘सामान कुठं भेटतं?’

देवगाव फाटा नकाशावर शोधायचा तर डोळे जरा ताणावे लागतील. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जिथे फुटतो, तिथे हा फाटा आहे. चहाच्या टपऱ्या, पंक्चरचे दुकान, खत-बियाण्यांची दुकाने, भज्यांची कढई आणि एसटीची वाट पाहणारी माणसे. मराठवाड्यातल्या कुठल्याही फाट्यावर असावे ते सारे. २०२५ च्या दिवाळीत गावी जाताना मी तिथे उतरलो, तर रस्त्याच्या कडेला मांडव घातलेला. आधी वाटले लग्न असेल, नाहीतर पुढारी यायचा असेल. जवळ जाऊन पाहतो तो मांडवात हार घातलेली, फुगे बांधलेली एक कोरी मोटार! टाय लावलेली दोन मुले येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘बसून तर बघा’ म्हणत होती. थोड्या अंतरावर दुसऱ्या कंपनीचा झेंडा होता. त्याच्याकडे मांडव नव्हता. पण येईल त्याला चहा फुकट होता.

२२ सप्टेंबरपासून लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता आणि त्याची लाट थेट आमच्या फाट्यापर्यंत पोचली होती. माझा पुतण्या तिथेच कृषी सेवा केंद्र चालवतो. त्याने मोटार घ्यायचे मनावर घेतले होते आणि सल्ल्यासाठी आजोबांना, म्हणजे माझ्या काकांना, घेऊन आला होता. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. वय ऐंशीच्या घरात. मुलाने सगळे सांगितले. पडदा केवढा, कॅमेरे किती, छत कसे उघडते, हप्ता किती बसतो. आबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘सामान कुठं भेटतं?’’

‘‘बाबा, सर्व्हिस एकदम सोपी आहे. मोबाइलवरून बुकिंग करायचं.’’

‘‘ते नाही इचारलं लेकरा. सामान कुठं भेटतं?’’

मुलाने हातातल्या यंत्रात पाहिले. मग म्हणाला, ‘‘मागवता येईल.’’

आबा उठले.

मोटार कंपन्यांच्या चढाओढीविषयी मी बरेच वाचले आहे. पण इतका नेमका प्रश्न माझ्या वाचनात आलेला नाही. या प्रश्नाच्या मागे आमच्या घरातली एक गोष्ट आहे. ती पुढे सांगतोच. आधी बाजाराकडे पाहू.

आज आपल्या मुलांना मोटार ‘निवडायची’ असते हे ठाऊक आहे. आपल्या आईवडिलांना ते ठाऊक नव्हते. अँबेसिडर, फियाट आणि स्टँडर्ड, अशी तीन नावे घेतली की यादी संपे. यांतली फियाट, जी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, ती आपल्या मुंबईत कुर्ल्याला तयार होई. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ती कंपनी काढली होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एवढ्या अवाढव्य देशात वर्षाला जेमतेम तीस-चाळीस हजार मोटारी तयार होत. मोटार परवडणाऱ्या माणसानेही पैसे भरून वर्षानुवर्षे थांबायचे. स्कूटरची गत तीच होती. मुलीच्या जन्माला नोंदवलेली स्कूटर तिच्या लग्नात मिळते, असा विनोद तेव्हा होता आणि त्यावर कुणी फारसे हसत नसे. स्पर्धा तेव्हाही होतीच. पण ती कंपन्यांची नव्हे, गिऱ्हाइकांची आपसांतली!

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली आणि चित्र पालटू लागले. १९९३ मध्ये मोटार उद्योगाला परवान्यातून मोकळीक मिळाली आणि मग पाहुण्यांची रीघ लागली. डेवूची सिएलो आली, ओपेल ॲस्ट्रा आली, फोर्डची एस्कॉर्ट आली, कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ आली. १९९८ साल तर एखाद्या अटीतटीच्या सामन्यासारखे गेले. सप्टेंबरात शाहरूख खानला हाताशी धरून ह्युंदाईची सँट्रो, तिच्याच जोडीला डेवूची मॅटिझ आणि ३० डिसेंबरला पुण्याची टाटा इंडिका. मारुतीने ८०० ची किंमत उतरवली. घरोघरी रविवारची पुरवणी पसरून बापलेक तक्ते ताडून पाहू लागले. आपल्या देशात गिऱ्हाइकाला कुणी विचारते आहे, हा अनुभवच नवा होता.

पण हे झाले शहरांचे. फाट्यावर मोटार कंपन्यांची लढाई निराळीच चालली होती. तिथे गिऱ्हाईक म्हणजे चौकोनी कुटुंब नव्हते. ते होते काळी-पिवळी जीप चालवून पोट भरू पाहणारे शेतकऱ्याचे पोर. महिंद्राची कमांडर आणि अरमाडा, बजाज टेंपोची ट्रॅक्स आणि १९९४ मध्ये आलेली टाटांची सुमो हे आमच्या फाट्यावरचे मल्ल. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आले असे आम्ही समजत होतो. ते टाटांच्या कारखान्याची घडी बसवणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरे जोडून केले आहे, हे फार उशिरा कळले. परवान्यावर किती माणसे लिहिली आहेत आणि आत किती कोंबली आहेत, याचा मेळ कुणी घालत नसे. ‘सेलू, सेलू, सेलू, एकच सीट!’ अशी आरोळी उठे आणि त्या एका सीटवर चौघे बसत.

निंबाखाली वाद रंगत. कमांडर लोखंडाची, तिला चार पाने आणि एक हातोडा पुरे. सुमोत माणसे जास्त आणि सगळ्यांना दार. माझ्या आईचा कौल सुमोला होता. तिला इंजिनाशी कर्तव्य नव्हते. ‘‘दार लागतं, धूळ येत नाही, पदर चाकात जायची भीती नाही,’’ ही तिची परीक्षा. कंपन्यांच्या कुठल्याही तक्त्यात पदराचा रकाना नव्हता. पण बाळंतपणाला माहेरी निघालेल्या मुली कोणत्या जीपसाठी थांबतात, हे जीपवाल्यांना बरोबर कळत होते.

आता आमच्या घरातली गोष्ट. १९९६ साली कापसाचे चुकारे हाती आले तेव्हा आबांनीही जीप घ्यायचे ठरवले. निंबाखालचे सगळे म्हणत होते, जी गाडी दहा जणांकडे आहे तीच घे. पण एका नव्या कंपनीचा माणूस गावात आला. कंपनीचे नाव सांगत नाही. आता त्याला अर्थही नाही. त्याने नारळ आणला, शाल आणली, इतरांपेक्षा कमी पैसे आधी भरून घेतले आणि गाडी दारात उभी केली. गाडी दिसायला देखणी होती, खोटे कशाला बोलू! तेवढ्या पैशांसाठी आबांनी बैलजोडी विकली. तीन वर्षे गाडी सुरेख चालली. चौथ्या वर्षी, ऐन लग्नसराईत, मागच्या धुऱ्यातले क्राऊन-पिनियन गेले. फिटरने उघडून पाहिले आणि हात टेकले. सेलूत मिळेना, परभणीत मिळेना, जालन्यात मिळेना. तेव्हाच्या औरंगाबादेतले विक्रेत्याचे दुकानच उठले होते. शेवटी कुणाच्या तरी ओळखीने मुंबईहून माल मागवला. तो यायला एक्केचाळीस दिवस लागले. हप्ते मात्र एक दिवसही थांबले नाहीत. पुढे दुसरा भाग गेला, मग तिसरा. एका सकाळी वसुलीची माणसे आली आणि गाडी ओढून घेऊन गेली. त्या वर्षी ताईचे लग्न ठरले होते, ते वर्षभर पुढे ढकलावे लागले. आबांनी पुढची सहा वर्षे दुसऱ्याच्या जीपवर चालक म्हणून काढली. ‘‘गाडी गेल्याचं दुःख नाही,’’ ते म्हणत, ‘‘पण दावणीला बैलबी राहिले नव्हते.’’

बैल घेताना आबा कधी फसले नव्हते. बाजारात जाण्याआधी चार शहाणी माणसे सोबत घ्यायची, दात पाहायचे, चालवून पाहायचा, खोड विचारायची. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे, पण जनावर मात्र साऱ्यांदेखत उघड्यावर असे. मोटारीच्या बाजारात हे उलटे झाले. भाव मोठ्या अक्षरांत जाहिरातीत छापलेला आणि खोड रुमालाखाली.

दोष केवळ त्या कंपनीचा होता असेही मी म्हणणार नाही. लहान बाजाराचे गणितच असे अवघड आहे. ज्या तालुक्यात आपल्या पाच-सात गाड्या आहेत तिथे कोणती कंपनी दुकान आणि कारखाना थाटील? आणि जिथे दुकान नाही तिथे सहावा माणूस तिची गाडी कशाला घेईल? कोंबडी आधी की अंडे आधी, असा हा पेच. ज्यांनी आधी अंडे घातले ते टिकले. मारुतीची ताकद तिच्या इंजिनात जेवढी आहे तेवढीच गल्लीबोळांत पसरलेल्या तिच्या कार्यशाळांत आणि कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या तिच्या सामानात आहे. २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. जगात आपला बाजार तिसरा. त्यांतल्या दहापैकी चार गाड्या एकट्या मारुतीच्या होत्या. बाजार देशाचा म्हणून प्रचंड आहे. पण परभणीच्या माणसासाठी बाजार म्हणजे परभणी. तो अजून लहानच आहे.

आणि गेलेल्यांची यादी काही लहान नाही. प्यूजोचा तो संसार दोन-तीन वर्षांतच मोडला. डेवूची मूळ कोरियन कंपनी कोसळली आणि इथला कारखानाही बंद पडला. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस शेव्हरोले मोटारी इथे विकणे थांबवले. त्यांची टवेरा वडापच्या धंद्यात अनेकांनी विश्वासाने घेतली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथले मोटारींचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. सुटे भाग आणि सेवा देत राहू, असे या दोन्ही कंपन्यांनी सांगितले होते. पण आडगावच्या माणसाला ‘सेवा चालू आहे’ एवढे ऐकून भागत नाही. ती कुठे, किती लांब आणि किती दिवसांत, हे त्याला विचारावेच लागते. शिवाय कंपनी गेल्याची बातमी आली की त्याच दिवशी त्याच्या दारातल्या गाडीचा पुढचा भाव पडतो. कंपनी तोटा ताळेबंदात लिहून निघून जाते. याला तो घरखर्चात लिहावा लागतो.

गंमत अशी की ज्याला आपण स्पर्धा म्हणतो ती कधी कधी नुसत्या बिल्ल्यांची असते. टोयोटाची ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनो. दोन कंपन्यांचे दोन विक्रेते आपापली गाडी कशी सरस हे सांगतात तेव्हा ते सख्ख्या जावांच्या भांडणासारखे वाटते; घर एकच! यात फसवणूक नाही, आणि सामान सारखे असेल तर गिऱ्हाइकाचा फायदाच आहे. पण बिल्ल्यावर जीव टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

स्पर्धेने काही दिले नाही, असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे ठरेल. पैसे भरून ताटकळणे संपले. गाड्या सुरक्षित झाल्या. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडेही अपघाताच्या चाचणीवरून मोटारींना तारे देण्याची पद्धत सुरू झाली आहे. लोक आता ‘किती देते’च्या जोडीला ‘तारे किती’ हेही विचारतात. स्वस्ताई म्हणजे सर्वस्व नाही हेही याच बाजाराने शिकवले. २००९ साली बाजारात आलेल्या नॅनोची लाखाची किंमत सगळ्या जगात गाजली. पण ‘सर्वांत स्वस्त गाडीवाला’ म्हणवून घ्यायला माणसे तयार नव्हती, आणि दहा वर्षांच्या आतच ती थांबली. सांगायचा मुद्दा असा की गिऱ्हाईक ज्याची विचारपूस करते त्याच गोष्टीवर कंपन्या स्पर्धा करतात. आपण पडदा केवढा हे विचारले, पडदे वाढले. आपण तारे विचारले, तारे वाढले. सामान कुठे मिळते हे आपण मोठ्या आवाजात कधी विचारलेच नाही.

ते विचारण्याची वेळ आज अधिक आली आहे. आबांच्या जीपला निदान फाट्यावरचा फिटर उघडू तरी शकला होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. धूर कमी झाला, हे चांगलेच. पण गाडीच्या पोटात आता संवेदक आणि संगणक आहेत. काचेसमोर पिवळा दिवा लागतो, आणि तो का लागला हे कळायलाच यंत्र लागते. पुष्कळदा ते यंत्र, ती माहिती आणि तो सुटा भाग कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेतच असतो. निंबाखालच्या फिटरच्या हातात पाना आहे, पण कुलूप दुसऱ्याचे आहे. तिशी वर्षे ज्याने या रस्त्यावरची प्रत्येक गाडी चालती ठेवली, तो आता टायरमध्ये हवा भरतो.

हे गाऱ्हाणे केवळ खेड्यातले आहे असे कुणी समजू नये. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देता त्यांनी गिऱ्हाइकाला आपल्याच कार्यशाळांना बांधून ठेवले, असा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या, न्यायालयांत गेल्या आणि प्रकरण लांबत गेले. पण प्रश्न खरा आहे, हे एका सरकारी आयोगाने लेखी मान्य केले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ ही कल्पना पुढे आणली आणि त्यात मोबाइल, घरगुती उपकरणे, शेतीची अवजारे यांच्याबरोबर मोटारींचाही समावेश केला. दिशा योग्य आहे. पण हक्क म्हणायचा तर त्याला दात हवेत.

माझे मागणे साधे आहे. फ्रान्समध्ये २०२१ साली मोबाइल, लॅपटॉप, धुलाईयंत्रे अशा वस्तूंवर ती दुरुस्तीला किती सोपी आहे याचे गुण छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे मोटारीला सुरक्षेचे तारे असतात, तसेच दुरुस्तीचेही का नसावेत? नेहमी लागणाऱ्या वीस भागांची किंमत, ते आपल्या जिल्ह्यात किती दिवसांत मिळतील आणि कंपनी देश सोडून गेली तरी किती वर्षे मिळत राहतील, एवढे तीन आकडे विक्रीच्या वेळी कागदावर लिहून देण्याचे बंधन घालावे. दिलेला शब्द मोडला तर भरपाई द्यावी. यात कंपनीच्या नफ्याला हात लागत नाही. उलट, ज्या कंपन्या खरोखर सामान ठेवतात त्यांना जाहिरातीवाचून गिऱ्हाईक मिळेल.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. तोवर गिऱ्हाइकाने काय करावे? याचेही उत्तर मराठवाड्यातच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच सौद्यात १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता. मागास म्हणून हिणवल्या जाणाऱ्या शहराची बातमी देशभर झाली. बातमी श्रीमंतीची म्हणून छापली गेली, पण मला तिच्यात दुसरेच दिसले. एकेकट्याने गेले असते तर ते गिऱ्हाईक ठरले असते. दीडशे मिळून गेले, म्हणून बाजार ठरले. लहान बाजाराला स्वतःची किंमत वाढवायचा हा एकच मार्ग आहे. श्रीमंतांना तो सुचला. टेंपो, जीप आणि जुन्या मोटारी घेणाऱ्यांना तो अधिक गरजेचा आहे. दहा गावांतल्या वीस जणांनी मिळून एका विक्रेत्याला ‘सेलूत सामान ठेवणार असाल तर घेतो’ म्हटले, तर तो ऐकेल. न ऐकून सांगतो कुणाला?

पुतण्याने त्या दिवशी गाडी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी तो सेलूला गेला, मग परभणीला. विक्रेत्यांकडे नंतर गेला, आधी चार फिटरांकडे आणि दोन सुट्या भागांच्या दुकानांत. पुढचा दिवा फुटला तर केवढ्याला, क्लच किती दिवसांत, पाच वर्षांनी विकायला काढली तर कोण घेईल, असे प्रश्न त्याने वहीच्या पानावर लिहून नेले होते. पंधरा दिवसांनी गाडी आली. कोणती ते सांगत नाही. उगाच जाहिरात व्हायची. आबांनी तिला नारळ वाढवला, भोवती एक फेरी मारली आणि बैलाची पाठ थोपटावी तशी टपावर थाप मारली.

ते वहीचे पान मात्र फाटलेले नाही. कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावरच्या काचेखाली पुतण्याने ते ठेवले आहे. खत न्यायला आलेली माणसे वाचतात. परवा एक जण मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेऊन गेला. ट्रॅक्टर घ्यायचा होता म्हणे.